तारेचें शेवटचें टोक



परदेशीं असलेल्या मुलाचें मुख आज घरबसल्या दिसतें, बँकेचा व्यवहार उशाशीं पडल्या पडल्या होतो, आणि या साऱ्याचें कोणाला नवलही वाटत नाहीं. हें जाळें प्रथम कोणीं विणलें, हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. आगगाडीच्या रुळांखालीं खडी घालणाऱ्यांचीं नांवें कोण विचारतो? संगणकांच्या तारा जोडणाऱ्या पहिल्या पिढीची गत तशीच झाली आहे. त्या पिढींतील एका गृहस्थांची ही हकीकत आहे. नांव प्रसिद्ध व्हावें अशी त्यांना हौस नाहीं. तेव्हां त्यांना येथें नुसतें ‘जतकर’ म्हणणें बरें.

सांगली जिल्ह्याचें मुख्य ठाणें कृष्णेच्या कांठीं, तर जत तालुका जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. डफळे घराण्याचें हें संस्थान १९४८ सालीं मुंबई राज्यांत विलीन झालें. कर्नाटकच्या शिवेला लागलेल्या येथील एका खेड्यांत जतकरांचा जन्म झाला. घरीं कानडी, शाळेंत मराठी. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां ते सहा वर्षांचे होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई आणि तेथें मिळालेली सुकडी पदराला बांधून मुलांसाठीं घेऊन येई. पुढें सांगलीस राहून त्यांनीं विजेच्या विषयांतील पदविका मिळविली, आणि १९८८ मध्यें नोकरीसाठीं मुंबई गांठली.

तो काळ मोठ्या उमेदीचा होता. १९८६ सालीं ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचा उपक्रम सुरू झाला होता. मुंबईंत जुहूच्या ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ या संस्थेंत डॉ. श्रीनिवासन रमाणी आणि त्यांचे सहकारी त्यासाठीं झटत होते. जुहू आणि पवईची आय. आय. टी. यांचे संगणक साध्या टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांस पत्रें धाडूं लागले होते. दोन संगणकांच्या मध्यें मोडेम नांवाची पेटी असे. ती संगणकाच्या भाषेचें शिळेंत आणि शिळेचें पुन्हा भाषेंत रूपांतर करी. २४०० च्या वेगाचा मोडेम सेकंदाला सुमारें २४० अक्षरें पाठवी. जतकर नुसत्या शिळेवरून सांगत, “हा फोन जुळणार,” किंवा “आज कांहीं खरें नाहीं.” गवई तंबोरा लावतो तसा त्यांचा कान त्या कर्कश आवाजाला लागला होता.

त्यांचें मुख्य काम मात्र कचेऱ्यांतून संगणक जोडण्याचें. त्यासाठीं एकच काळी, गोल तार भिंतीच्या कडेनें फिरवीत. प्रत्येक मेजापाशीं ती कापून तेथें तीन तोंडांचा एक धातूचा सांधा बसवीत आणि त्याला संगणक जोडीत. अशी तार १८५ मीटरांहून अधिक लांब चालत नसे. शिवाय तिच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढें एकेक टोपण घालावें लागे. त्यांत ५० ओहमचा रोधक असे. त्याला टर्मिनेटर म्हणत. कोरड्या विहिरींत हांक मारली कीं ती परत येते, तसा तारेच्या उघड्या टोकावर आदळून संदेश मागें फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशांत मिसळून साऱ्यांचाच बोजवारा उडवितो. टोपण असलें म्हणजे तें आलेला संदेश गिळून टाकतें आणि तार शांत राहते.

१९९० मधील एका दिवसाची आठवण जतकर फार रंगून सांगतात. एका कचेरींतील पंचवीस संगणक सकाळींच एकाएकीं मुके झाले. पगाराचा दिवस होता. जतकरांनीं एकेक सांधा उघडून तपासला. साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांना विचारून झालें. दुपारीं चार वाजतां ते पाण्याच्या माठाशेजारच्या शेवटच्या मेजापाशीं पोहोंचले, तों तारेचें टोक उघडें! टोपण कोठें गेलें याचा पत्ता लागेना. झाडलोट करणाऱ्या बाई तेवढ्यांत कामावर आल्या. त्यांना विचारतांच त्यांनीं खिडकीकडे बोट दाखविलें. टोपण जमिनीवर पडलेलें दिसलें, तेव्हां हरवूं नये म्हणून त्यांनीं तें जपून वर ठेवलें होतें. दिवसभरांत त्यांना मात्र कोणी निरोप धाडला नव्हता.

पुढच्याच वर्षीं जतकरांचे वडील वारले. मुंबईंतील त्यांच्या मेजावरून परदेशीं धाडलेलें पत्र एका रात्रींत पोहोंचत असे. पण घरची तार हातीं पडली ती तिसऱ्या दिवशीं. ते गांवीं पोहोंचले तेव्हां सारें आटोपलें होतें. विलंब कोठें झाला, याचा त्यांनीं मागाहून शोध घेतला. जतहून मुंबईस येण्यास तारेला कांहीं तासच लागले होते. उरलेला सारा वेळ खेड्यापासून जतपर्यंतच्या वाटेंत गेला होता, कारण गांवांत टेलिफोन नव्हता, आणि निरोप्याला एस. टी. मिळाली नव्हती. या गोष्टीबद्दल त्यांनीं कोणाला दोष दिला नाहीं. परंतु तेव्हांपासून कोणत्याही कामाचा नकाशा समोर आला कीं त्यांची दृष्टि प्रथम त्याच्या शेवटच्या टोकाकडे जाऊं लागली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. आरंभ मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा महानगरांपासून झाला. पुढें १९९८ मध्यें वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरांत ‘वायर्ड व्हिलेज’ ही योजना आली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गांवांत संगणक बसले. उसाचें वजन किती भरलें, खत किती उचललें, बिल किती निघालें, हें शेतकऱ्याला गांवांतच कळावें अशी योजना होती. पुढें २००७ च्या सुमारास त्यांपैकीं सात गांवांत संगणकाऐवजीं साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांनीं तेंच काम करून पाहिलें आणि तें स्वस्तांत झालें. जतकरांना याचें वाईट वाटलें नाहीं. ते म्हणाले, “शेतकऱ्याला तार नको होती, वजनाचा आंकडा हवा होता.”

वारणेच्या खोऱ्यांत ऊस होता, म्हणून तेथें तारही आधीं गेली. जतच्या पूर्व भागाची गोष्ट निराळी. म्हैसाळ येथें कृष्णेचें पाणी उचलून मिरज, कवठे महांकाळ आणि जतकडे नेण्याची योजना आहे. परंतु पूर्वेकडील अनेक गांवें दीर्घकाळ तिच्या बाहेर राहिलीं. २०२२ च्या अखेरीस सीमेवरील याच गांवांचीं नांवें वृत्तपत्रांत गाजलीं. कर्नाटकांत जाण्याची भाषा झाली. तिच्या मुळाशीं पाण्याचें गाऱ्हाणें होतें.

२०२४ मध्यें निवृत्त होऊन जतकर गांवीं परतले. सामान लावतांना एका डबींतून तें जुनें टोपण निघालें. तशा तारा आतां कोणी वापरीत नाहीं. नव्वदीकडे झुकलेल्या आईनें विचारलें, “काय रं हे?”

त्यांनीं समजावून सांगितलें, “अव्वा, हें तारेच्या शेवटाला लावायचं. एवढंसं आहे, पण हें नसलं तर सगळं बंद.”

म्हातारीनें तें तळहातावर घेऊन निरखून पाहिलें आणि म्हणाली, “म्हंजे आपल्या गावावाणीच की. पर आपण नसलो तर कुणाचं काय बंद पडतंय?”

जतकरांपाशीं याला उत्तर नव्हतें. त्यांनीं टोपण पुन्हा डबींत ठेवलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते गांवच्या शाळेंत गेले. तेथें आलेली तार कोठपर्यंत पोहोंचली आहे, हें त्यांना पाहावयाचें होतें. आणि त्यांनीं पाहण्यास आरंभ केला तो शेवटच्या वर्गापासून.