हिंमत कशाला म्हणायची?



मागच्या साली एका कंपनीचा माणूस कर्ज वाटायला आमच्या वस्तीवर आला. कागद पुढं सरकवून म्हणाला, "ताई, हिंमत करा, सही करा." आम्ही दहाजणींनी सह्या केल्या. चार महिन्यांनी एकीची म्हैस मेली, हप्ते थकले आणि ते बाकीच्या नऊजणींच्या अंगावर आले. तेव्हा कळलं, आम्ही हिंमत समजून जोखीम घेतली होती.

धोका आणि जोखीम आपण एकच समजतो. ओढ्याला पूर आला, तो धोका. आपण काही केलं नाही तरी तो असतोच. जोखीम मात्र आपण होऊन घेतो. जोखणं म्हणजे तोलणं. म्हणून जोखीम घ्यायची ती जोखून. किती जाईल? कोण भरेल? न जोखता मारलेल्या उडीला धाडस म्हणू नये, तो अविचार.

मग हिंमत कोणती? आमच्या त्या मैत्रिणीनं बैठकीत उभं राहून सांगितलं, "माझ्याच्यानं हप्ता होत नाही." ती हिंमत. आम्ही तिला धीर दिला, हप्ते वाटून भरले. धीर असा एकीनं दुसरीला देता येतो.

आता सहीआधी आम्ही कागद मोठ्यानं वाचून घेतो आणि विचारतो, "एकीचा हप्ता चुकला तर कोण भरणार?" साहेबासमोर हे विचारायलाही हिंमत लागते. तुमच्या गटात कोण विचारतं?