किल्ट आणि तयार कोट

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील किल्ट हें कमरेभोंवतीं गुंडाळण्याचें चुणीदार लोकरी वस्त्र. १७४६ सालच्या कायद्यानें त्यावर बंदी आली. ती १७८२ सालीं उठली. आज तेथें विवाहासारख्या प्रसंगीं पुरुष तें अभिमानानें नेसतात. त्यावरचा खास कोट मात्र महाग पडतो; म्हणून कित्येक जण दुकानांतला साधा लोकरी कोट घेऊन तो बेतवून घेतात.

किल्ट कमरेच्या बराच वर बांधतात. पाटलोणीवरचा लांब कोट त्यावर घातला, तर मागच्या चुण्या दबतात आणि पुढें लोंबणारी चामड्याची थैली, स्पोरन, झांकली जाते. यास्तव शिंपी कोटाची लांबी कमी करतो व पुढचीं टोंकें गोलाकार कापतो. खरी अडचण खिशांची. वरून शिवलेला खिसा उसवून वर चढवितां येतो; कापड चिरून बसविलेल्या खिशाची चीर मात्र जागची हलत नाहीं. म्हणून कोट निवडतांना आधीं खिसे पाहावे. कात्री लावण्यापूर्वीं किल्ट नेसून, कोटाचा काठ टांचण्यांनीं वर दुमडून आरशांत पाहावें. उसवलेली शिवण पुन्हां घालतां येते. कापलेली लांबी परत मिळत नाहीं.