ठोशांची झिंग



आपल्या मराठीत ठोशाला 'मुष्टिमोदक' असे एक गमतीचे नाव आहे. खाणाऱ्याला तो मोदक गोड लागत नाही, हे सांगावयास नकोच. विनोद सुचतो तो पाहणाऱ्याला. अमेरिकेतील मुष्टियुद्धाच्या दुनियेतही असाच एक शब्द रूढ झाला, 'पंच-ड्रंक'. 'पंच' म्हणजे ठोसा आणि 'ड्रंक' म्हणजे झिंगलेला. ठोसे खाऊन खाऊन ज्याची चाल दारुड्यासारखी झाली, तो पंच-ड्रंक. पाय अडखळतात, जीभ जड होते, हात कापतात, आणि प्रेक्षक हसतात!

पण १९२८ साली हे हसणे एका वैद्याने गंभीरपणे ऐकले. न्यू जर्सी राज्यातील नेवार्कचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला आणि त्याला मथळा दिला तो हाच, 'पंच-ड्रंक'. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूलाच इजा होत असावी, असे त्यांचे अनुमान होते. हा रोग कोणाला? चपळाईने ठोसा चुकविणाऱ्याला कमी. छाती पुढे काढून मार सोसणाऱ्याला, आणि मोठ्या मल्लांच्या सरावासाठी पोटाकरिता रोज मार खाणाऱ्या दुय्यम मल्लांना अधिक!

पुढे १९३७ साली या रोगास 'डिमेन्शिया प्यूजिलिस्टिका' असे भारदस्त लॅटिन नाव मिळाले. १९७३ साली इंग्लंडात कॉर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ मृत मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासून आतील नासधूस दाखवून दिली. २००५ साली डॉ. बेनेट ओमालू यांनी अमेरिकन फुटबॉलच्या एका खेळाडूच्या मेंदूत त्याच जातीचा विकार आढळल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे दोष केवळ मुठीचा नव्हे. दोष पुन्हापुन्हा बसणाऱ्या धक्क्याचा.

आज इंग्रजीत कामाने गोंधळून गेलेल्या माणसालाही सहज पंच-ड्रंक म्हणतात. शब्द घासून गुळगुळीत झाला. त्यातले दुखणे मात्र गेले नाही. आम्हांला येथे एवढेच सुचवावयाचे आहे : रोग्याचे निदान वैद्याच्या आधी प्रेक्षकांनी केले होते, पण ते थट्टेत केले. डोळ्यांना दिसले, जिभेला शब्दही सापडला. करुणा तेवढी मागाहून आली. आपल्या बोलण्यातल्या अशा थट्टेच्या शब्दांकडे घरी जाताना एकदा निरखून पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.