एका पट्टीत

(मंडळाच्या वर्धापनदिनी समूहगानापूर्वी झालेले भाषण)



थोड्याच वेळात आपल्या मंडळाचे समूहगान व्हावयाचे आहे. त्याआधी चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले. कार्यक्रमाची यादी करताना आपल्यात जो वाद झाला तो सर्वांना ठाऊक आहेच, तेव्हा त्याविषयीच बोलते. एका बाजूचे म्हणणे, रागदारी ही एकट्याने बसून गावयाची विद्या. तिच्याशेजारी सिनेमातले गाणे ठेवले तर दोहोंचीही शोभा जाते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, कामरगावच्या माणसांना आलाप ऐकवून घरी का पाठवायचे?

मला दोन्ही म्हणणी थोडी थोडी पटतात. ख्याल हा समूहाचा नव्हेच. तीस जणींनी एकदम ताना घेतल्या तर आठवडी बाजार भरल्यासारखा गलका होईल. पण मध्यलयीची छोटी बंदिश, सरगम किंवा तराणा यांना बांधलेला आकार असतो. तो साऱ्याजणींना मिळून उचलता येतो. म्हणून आज आपण तेवढेच घेतले आहे.

आता सिनेमाच्या गाण्याचे. १९७१ सालच्या 'गुड्डी' चित्रपटातली शाळकरी मुलींची प्रार्थना आपण म्हणणार आहोत. चाल वसंत देसायांची आणि राग केदार. षड्जावरून एकदम मध्यमावर जाणे ही केदाराची खूण. कितीतरी शाळांतल्या मुलींना ही प्रार्थना पाठ झाली, पण आपण केदार गातो आहोत हे त्यांच्या गावीही नसते. त्याच देसायांनी १९५५ साली 'झनक झनक पायल बाजे'मध्ये उस्ताद अमीर खाँसाहेबांकडून अडाणा गाऊन घेतला आणि त्यांच्या साथीला कोरस दिला. त्यामुळे खाँसाहेबांना कमीपणा आला असे म्हणणारे मला अजून कोणी भेटलेले नाही! मग या दोन गाण्यांना कोणत्या रकान्यात लिहायचे, ते वाद घालणाऱ्यांनीच सांगावे.

याहून जुनी गोष्ट पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे चार भिंतींच्या बैठकीतून बाहेर आणले. पुढे गांधीजींनी आश्रमासाठी गवई मागितला, तेव्हा त्यांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना धाडले. खऱ्यांनी सिद्ध केलेल्या 'आश्रम भजनावली'त भजनांवर राग आणि ताल लिहिलेले आहेत; गाणारे मात्र सूत कातणारे, स्वयंपाक करणारे, झाडलोट करणारे. १२ मार्च १९३० रोजी दांडीला निघालेल्या तुकडीतही खरे होते.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मोझरीला तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज उभारले. सामुदायिक प्रार्थनेचा आग्रह त्यांनी जन्मभर धरला. खंजिरीवर त्यांनी ओळ टाकावी आणि समोरच्या माणसांनी ती उचलावी; तुमचा गळा कसा आहे, हे तेथे कोणी कोणाला विचारीत नसे.

मी मात्र विचारले. ते आज सांगून टाकते. तालमीच्या पहिल्या आठवड्यात आपल्यातल्या एका काकूंना मी म्हटले, "तुम्ही मागे उभ्या राहा आणि नुसते ओठ हलवा." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत. मी घरी गेले तर ओसरीवर डाळ निवडीत बसल्या होत्या आणि तेच गाणे गुणगुणत होत्या. स्वर पक्का होता, फक्त खालचा होता. मी पेटीवर काळी पाच लावून बसले होते. तिथे त्यांचा गळा पोचत नव्हता, आणि खरे म्हणजे आणखी सहा-सात जणींचाही पोचत नव्हता. त्या नुसत्या सांगत नव्हत्या. भुलाबाईची गाणी म्हणताना पट्टी कोण ठरवते? एक पोर सुरू करते, नाही जमले तर दुसरी खालून घेते. लहानपणी मीही असेच गायले, आणि पेटी शिकल्यावर नेमके तेवढेच विसरले.

मी तिथेच ओसरीवर बसून काकूंची क्षमा मागितली. "मग उद्यापासून चहा कोण करणार?" एवढेच त्यांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी आपण काळी चार धरली, म्हणजे पूर्ण एक स्वर खाली आलो. वरच्या षड्जाची ती चमक त्यामुळे गेली, हे कबूल केले पाहिजे. तरुण मुली दोन दिवस फुरंगटून होत्या. पण तिसऱ्या दिवशी केदारातला तो मध्यम तीसही गळ्यांतून एकदम लागला, आणि तबल्यावरच्या ताईंचा हात क्षणभर थांबला. ताल चुकला म्हणून मी त्यांना रागावलेही!

आज यादीत दोन बंदिशी, एक तराणा, तीन भजने, दोन सिनेमाची गाणी आणि शेवटी भुलाबाईचे गाणे आहे. शेवटचे गाणे ठाऊक असेल तर समोर बसलेल्या आयाबहिणींनीही म्हणावे, पट्टी तुमचीच आहे. काकू पहिल्या ओळीत उभ्या आहेत. पेटी लागली आहे, तेव्हा मी आता माझ्या जागेवर जाते.