हीटरचा दिवा विझेपर्यंत

श्रोतेहो, डिझेलच्या गाडीत पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी पडत नाही, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. त्याची करामत एवढीच होती की हवा दाबायची. मूळ जागेच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्यात कोंबली की ती दाबानंच तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं ना, तेच हे. या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. काडी नको, ठिणगी नको.

तुम्ही म्हणाल, हा कवी माणूस आज इंजिनाकडं कसा वळला? मी मराठी घेऊन बी.ए. झालो खरा, पण आमचं घर मिरजेतलं, ट्रक दुरुस्त करणाऱ्यांचं. अब्बा फिटर होते, थोरले भाऊ, म्हणजे आमचे भाईजान, आजही गॅरेजात जातात. कवितेचं माप आमच्या घरात कधी फार मोठं नव्हतं. ‘सेल्फ एका दमात लागला’ याचं कौतुक मात्र जेवताना चालायचं. सेल्फ म्हणजे स्टार्टर, हे शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो.

तर या इंजिनाची दुष्मनी आहे थंडीशी. धडच उणे पंचवीस अंशांवर असलं, तर दाबलेल्या हवेची ऊब ते गार लोखंड पिऊन टाकतं. डिझेलचा फवारा येतो, पण पेटत नाही. शिवाय ऑइल घट्ट होतं, सेल्फला इंजिन जड जातं, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. म्हणून अशा गाड्यांत हीटर प्लग बसवतात. किल्ली अर्धी फिरवली की प्लगांची टोकं लाल होतात, समोर पिवळा दिवा लागतो. तो विझला की सेल्फ मारायचा. तोवर थांबायचं. नव्या गाड्यांत हे थांबणं काही सेकंदांचं, जुन्यांत पंधरा-वीस सेकंदांचंही असे.

माझा भाचा कॅनडात, एडमंटनला असतो. तिथं घराघरांत गरम हवेची भट्टी असते, ती दुरुस्त करायचं त्याचं काम. आपल्याकडं पंखा बंद पडला तर आपण कुरकुरतो. तिथं उणे तीसमध्ये भट्टी बंद पडली तर काही तासांत घर गारठतं, नळातलं पाणी गोठून पाइप फुटतात, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असलं तर जिवावरची गोष्ट. एका घरचं काम संपलं की तसंच दुसरं घर गाठावं लागतं. त्याच्याकडं डिझेलचा पिकअप ट्रक आहे, त्यात सगळी हत्यारं. आणि ट्रकला दुरून चालू करायचा रिमोट बसवलेला. घरातूनच बटण दाबायचं, दहा-पंधरा मिनिटांत गाडी तापते, काचेवरचा बर्फ सुटतो.

गेल्या हिवाळ्यात या रिमोटनं त्याला रडवलं. गंमत अशी की सकाळी घरासमोर, उणे तीस असलं तरी, बटण दाबताच गाडी चालू. आणि दुपारी एखाद्याच्या अंगणात चार-पाच तास उभी राहिली की, तिथं थंडी कमी असूनही, चालू व्हायची नाही. सेल्फ फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा. तीन वेळा असं करून बाहेरचे दिवे लुकलुकायचे आणि सगळं शांत. भाच्याला वाटे, रिमोटची लहर तिथवर पोहोचत नसावी. पण सेल्फ फिरतो म्हणजे निरोप पोहोचलाच की!

शेवटी तिथल्या रात्री आठला त्यानं फोन लावला. इथं दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेआठ. भाईजान नुकतेच गॅरेज उघडत होते, मी बाकावर पेपर वाचत होतो. भाईजाननी असला रिमोट आयुष्यात पाहिलेला नाही. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत सांगतो.

“किल्लीनं चालू होते का?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

“होते, बडे मामू. दर वेळी.”

“सेल्फ जोरात फिरतो की कण्हत?”

“पहिल्यांदा जोरात. तिसऱ्यांदा कण्हतो.”

“धूर?”

“पांढरा. खिडकीतून दिसतो.”

पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. म्हणजे डिझेल पोहोचतंय, बॅटरी ठीक आहे, सेल्फ ठीक आहे. कमी आहे ती ऊब. भाईजाननी विचारलं, “बटण दाबल्यावर सेल्फ किती वेळानं लागतो?”

“लगेच.”

“आणि किल्लीनं लावतोस तेव्हा?”

पलीकडं जरा शांतता. मग भाचा म्हणाला, “तेव्हा मी हीटरचा दिवा विझायची वाट बघतो.”

एवढंच होतं. रिमोटची ती डबी पेट्रोल आणि डिझेल दोन्ही गाड्यांसाठी असते. बसवणाऱ्यानं ती पेट्रोलच्याच सेटिंगवर ठेवली होती. पेट्रोलच्या गाडीला थांबायचं कारण नाही, म्हणून ती थेट सेल्फ मारायची. उन्हाळ्यात चूक उघडी पडली नाही. आणि घरी? तिकडं रात्री गाडीच्या तोंडाशी लोंबणारी वायर विजेच्या प्लगात खोचून ठेवतात. इंजिनातल्या पाण्यात बसवलेला हीटर त्यानं रात्रभर इंजिन कोमट ठेवतो. कोमट इंजिन हीटर प्लगावाचूनही चालू होतं. लोकांच्या अंगणात मात्र ती सोय नव्हती. भाच्यानं दुकानात जाऊन सेटिंग बदलून घेतली आणि पिवळ्या दिव्याची वायर त्या डबीला जोडून घेतली. आता डबीही दिवा विझेपर्यंत थांबते.

किल्लीनंही गाडी चालू झाली नसती तर तपास वेगळ्या वाटेनं गेला असता. सेल्फ कण्हत असेल तर आधी बॅटरीची टर्मिनलं काढून घासायची, मग बॅटरी तपासायची. उतरलेली बॅटरी तिथं नुसती कमजोर होत नाही, गोठून फुटते. पूर्ण भरलेली मात्र उणे पन्नासलाही गोठत नाही.

फेब्रुवारीत पुन्हा फोन. या वेळी बटण दाबलं की काहीच नाही, सेल्फही नाही. रिमोटचा सेल बदलून झाला होता. या डबीला बॉनेट उघडं दिसलं तर ती गाडी चालू करत नाही, मिस्त्रीचा हात पंख्यात जाऊ नये म्हणून. बॉनेटखालचा तो करंगळीएवढा स्विच गंजला होता. रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून तिकडं मीठ टाकतात, त्या खाऱ्या पाण्याचा हा प्रताप. स्विच बदलला, काम झालं.

थंडीत डिझेलचंही एक दुखणं असतं. त्यात मेण असतं. पारा उतरला की ते मेण धरतं, आधी डिझेल गढूळ दिसतं, मग फिल्टर तुंबतो. गाडी चालू होऊन मिनिटभरात बंद पडली तर संशय यावा तो इथं. लडाखला माल नेणारे ट्रकवाले यासाठी टाकीखाली जाळ करत आले आहेत, जिवावर उदार होऊन. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. कॅनडातल्या पंपांवर ऋतूप्रमाणं डिझेल आपसूकच बदलतं. पण दक्षिणेकडच्या उबदार मुलखात टाकी भरून उत्तरेला आलेला ट्रक तिथंही अडकतो.

भाच्याला कुणीतरी सल्ला दिला होता की हवेच्या नळीत ईथरचा फवारा मार, लगेच चालू होईल. भाईजान फोनवर एवढे ओरडले की शेजारचा पंक्चरवाला आत डोकावला. हीटर प्लग लाल असताना ईथर आत गेलं तर ते नको त्या क्षणी भडकतं, पिस्टन फुटू शकतो. आणि रिमोट असला तरी बंद गॅरेजात गाडी चालू करायची नाही, हेही त्यांनी बजावलं. धूर घरात शिरतो आणि झोपलेल्याला कळत नाही. भाच्याचं घर आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच दार आहे. तो आता गाडी बाहेर अंगणातच लावतो, वायर खोचून.