आई म्हणाली, “हा राक्षस घरात कावून आणला?”

नमस्कार मंडळी! मी ऊर्जानगरमधून बोलतोय. इअरफोन लावा, आज एका गुंडाळीची गोष्ट सांगतो.

मागच्या हिवाळ्यात मी एक थांगका घेतला. थांगका म्हणजे कापडावरचं बौद्ध चित्र, गुंडाळून ठेवता येणारं. माझा छापील होता, स्वस्तातला. हॉलमध्ये लावला आणि आईचा पारा चढला. एक अक्राळविक्राळ प्राणी दातांत आणि नखांत चाक धरून उभा! आई म्हणाली, “१६ ऑक्टोबर १९५६ ला तुझे आजोबा चंद्रपुरात बाबासाहेबांसमोर दीक्षा घ्यायला उभे होते. देव-राक्षस सोडायसाठीच ना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून शोधायला लागलो.

त्या चित्राचं नाव भवचक्र. तो प्राणी म्हणजे पूजायचा देव नाही, तो अनित्यता आहे. सगळं त्याच्या तावडीत. मधोमध डुक्कर, साप आणि कोंबडा: मोह, द्वेष, लोभ. आणि बुद्ध कुठे? चाकाच्या बाहेर, वाट दाखवत.

आता खरी गंमत ऐका. हेच चक्र अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेणीत, व्हरांड्याच्या भिंतीवर आहे. पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं. अर्धंमुर्धंच उरलंय. म्हणजे जे आपल्या भिंतीवरून पुसत गेलं, ते तिबेटी चित्रकारांनी कापडावर जपलं.

कसं जपलं? सुती कापड चौकटीवर ताणायचं, खडू आणि सरस लावून घोटायचं. मग रेघांची जाळी आखायची, कारण बुद्धाच्या प्रत्येक अवयवाचं माप ठरलेलं असतं. हे माप हातात बसायलाच वर्षं जातात. रंग दगडांचे: निळा लाजवर्दाचा, लाल हिंगुळाचा. डोळे सगळ्यात शेवटी. आणि खाली चित्रकाराची सही बहुतेक वेळा नसतेच.

१९५९ नंतर हजारो तिबेटी भारतात आले. आपल्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ, १९७२ पासून त्यांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. देश सुटला, पण माप सुटलं नाही. धरमशाळेजवळच्या नोर्बुलिंका संस्थेत पोरं ही कला शिकतायत.

हे सगळं आईला सांगितलं. मोबाईलवर अजिंठ्याचा फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे हे आपलंच होतं?”

मी म्हटलं, “होतं. त्यांनी सांभाळलं.”

“मग छापील कशाला आणलं? ज्यानं वर्षं घालवली त्याच्या हाताला काय मिळालं?”

याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. तीनशे रुपयांत मी चित्र घेतलं होतं, चित्रकार नाही.

आता पगारातून थोडे थोडे बाजूला टाकतोय. छोटाच घेईन, पण हातानं काढलेला. तोवर छापील तिथेच आहे. आई रोज पुसते, आणि पाहुण्यांना कोंबड्याचा अर्थ सांगते.

तुमच्या घरच्या भिंतीवर काय आहे? आज एकदा नीट बघा. भेटू पुढच्या भागात. जय भीम!