निळूभाऊंचा पाटील

आदरणीय प्राचार्य, प्राध्यापक मंडळी, फर्दापूरचे ग्रामस्थ, सोयगाव, अजिंठा, पहूर आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून आलेले पालक, आणि आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुला-मुलींनो,

अशा समारंभात पाहुणे बहुधा एखाद्या शास्त्रज्ञाचं किंवा कलेक्टरचं चरित्र सांगतात. मी एका माळ्याबद्दल बोलणार आहे. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा माळीकाम करायचा. पगार महिना 80 रुपये. त्यातले 10 रुपये तो राष्ट्र सेवा दलाला द्यायचा. स्वतःची रोपवाटिका काढावी अशी त्याची इच्छा होती, पण भांडवल नव्हतं. ती रोपवाटिका झाली असती तर मराठी रंगभूमी आणि मराठी सिनेमा एका फार मोठ्या नटाला मुकला असता. नीळकंठ कृष्णाजी फुले. सगळा महाराष्ट्र त्यांना निळूभाऊ म्हणतो.

तुमच्यापैकी बहुतेकांना निळू फुले मोबाइलवरच्या मीममधून माहीत असतील. तिरकी टोपी, बारीक केलेले डोळे, घोगरा आवाज आणि वाड्यावरचं ते बोलावणं. तुमच्या आजी-आजोबांनी मात्र त्यांना जत्रेतल्या तंबूत, मातीत बसून, कापडी पडद्यावर पाहिलेलं आहे. आज घरी गेल्यावर आजीला विचारा. तिच्या तोंडून आधी एक शिवी निघेल. गावोगावच्या बायका या माणसाचा मनापासून तिटकारा करत. तो तिटकारा निळूभाऊंनी जन्मभर झेलला, आणि आपलं काम नीट झाल्याची खूण म्हणून झेलला.

हा माणूस खऱ्या आयुष्यात कोण होता, ते बघा. सेवा दलाचा सैनिक. समतेवर, श्रमावर श्रद्धा असलेला समाजवादी. बाबा आढावांच्या आणि नरेंद्र दाभोलकरांच्या कामाच्या पाठीशी उभा राहणारा कार्यकर्ता. सरंजामी पाटील, साखरसम्राट, गावावर दहशत ठेवणारा सरपंच, या सगळ्यांच्या विरुद्ध ज्यानं हयात घालवली, त्यानंच तो पाटील असा उभा केला की दुसऱ्या कुणाला जमला नाही. हे कसं झालं, एवढंच मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

त्याची सुरुवात सेवा दलाच्या कलापथकात आहे. कलापथक म्हणजे ढोलकी, तुणतुणं, दहा-बारा पोरं-पोरी आणि गावातला चावडीपुढचा ओटा. रंगमंच नाही, पडदा नाही. समोर दिवसभर राबून आलेली माणसं. त्यांना पहिल्या पाच मिनिटांत धरून ठेवलं नाही तर ती उठून जातात. निळूभाऊ, राम नगरकर, दादा कोंडके ही सगळी त्याच तालमीतली माणसं. पुढे स्मिता पाटीलही लहानपणी सेवा दलात होती. 1957च्या निवडणुकीत निळूभाऊंनी प्रचारासाठी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. मग पु. ल. देशपांड्यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधला रोंगे त्यांनी केला आणि लोक त्यांना ओळखायला लागले. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्यानं तर त्यांना महाराष्ट्रभर फिरवलं. तिथून अनंत माने यांनी त्यांना 1968च्या ‘एक गाव बारा भानगडी’त घेतलं. भूमिका झेलेअण्णाची. पुढची चाळीस वर्षं त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

माझ्याकडे नाटक शिकायला खेड्यापाड्यांतून मुलं येतात. त्यांना मी पहिल्याच आठवड्यात सांगतो, पाटील करून दाखव. शंभरातली नव्वद मुलं काय करतात? छाती पुढे काढतात, मिशीला पीळ देतात आणि ओरडायला लागतात. मग मी त्यांना आठवडी बाजारात पाठवतो. चहाच्या हॉटेलात बसायचं आणि खरा वजनदार माणूस आत येतो तेव्हा काय घडतं ते बघायचं. तो ओरडत नाही. तो खुर्चीकडे बघतो फक्त, आणि खुर्चीवरचा उठतो. तो हळू बोलतो, त्यामुळे समोरच्याला वाकून ऐकावं लागतं. पैसे त्याचा माणूस देतो. मुलं परत येतात तेव्हा त्यांचा पाटील बदललेला असतो, आवाज खाली आलेला असतो. निळूभाऊ हे सगळं कुठल्या नाट्यविद्यालयात शिकले नव्हते. कलापथकाच्या दौऱ्यांत ज्या गावांत मुक्काम पडले, तिथल्या पुढाऱ्यांच्या ओसरीवर बसून, त्यांचा चहा पीत, ज्यांच्याविरुद्ध रात्री वग करायचा त्यांनाच दिवसभर न्याहाळून ते हे शिकले असणार, असं मला त्यांचं काम पाहून वाटतं.

‘सामना’ बघा. 1974चा चित्रपट, दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात जगभरच्या चित्रपटांबरोबर स्पर्धेत होता. सहकारी साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळूभाऊ, आणि गावात भटकत आलेला दारुडा मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मास्तर एकच गोष्ट विचारत राहतो : मारुती कांबळे नावाचा माणूस गेला कुठे? आता यातला हिंदुराव नुसता राक्षस म्हणून उभा केला असता तर चित्रपट पहिल्या अर्ध्या तासातच संपला असता. निळूभाऊंचा हिंदुराव या भणंग मास्तराला वाड्यावर आणतो, खाऊपिऊ घालतो. त्याला आपण केलेल्या विकासाचा खराखुरा अभिमान आहे. कारखाना, रस्ते, शाळा, सगळं त्यानं उभं केलेलं आहे आणि ते त्याला कुणीतरी शहाण्या माणसानं बघावं असं वाटतं. प्रेक्षकाला तो आवडायला लागतो आणि नेमकं तिथंच प्रेक्षक अडकतो, कारण मारुती कांबळेचं उत्तर त्याच हसऱ्या माणसापाशी आहे. ज्याच्याशी आपलं भांडण आहे, त्याच्या जागी उभं राहून त्याला स्वतःबद्दल काय वाटतं हे आतून समजून घ्यायचं, आणि तरीही भांडण सोडायचं नाही. मी निळूभाऊंकडून शिकलो ते हे. नटाच्या कामात हे लागतंच. तुमच्या कामात ते त्याहून जास्त लागेल, म्हणून आज हा विषय.

या गोष्टीचा फार जुना पुरावा तुमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, अजिंठ्याच्या लेण्यांत आहे. तुमच्यातले कितीतरी जण टी-पॉइंटवर दुकानात बसले असतील, पर्यटकांना स्फटिक विकले असतील, कुणाचे वडील-काका लेण्यांत गाइड असतील. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे गर्दी थांबते. सतराव्या लेण्यात मात्र विश्वंतर जातकातला जुजक आहे. दानशूर राजपुत्राकडून त्याची दोन लेकरं मागून नेणारा हावरट म्हातारा. आजोबा लेकरांना सोडवून घेतात आणि जुजकाला धन मिळतं, तो क्षण तिथं रंगवलेला आहे. विरळ दात, बकऱ्यासारखी दाढी, डोळ्यांतली हाव. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकारानं बोधिसत्त्वावर जितकं मन लावलं तितकंच या म्हाताऱ्यावर लावलं आहे. त्यानं असा माणूस कुठेतरी बाजारात जवळून पाहिला असणार, नाहीतर ती हाव त्याच्या कुंचल्यात उतरली नसती. निळूभाऊंचं काम मला त्या भिंतीच्या परंपरेतलं वाटतं.

त्यांच्यावर खलनायकाचा शिक्का बसला आणि सिनेमावाल्यांनी तो पुनःपुन्हा वापरला. त्यातले कितीतरी चित्रपट सामान्य होते, हे त्यांच्यावर जीव असूनही म्हणायला हवं. पण जिथे लेखक दमदार मिळाला, तिथे त्यांनी काय केलं? 1972मध्ये तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ कमलाकर सारंग यांनी बसवला. टाकून दिलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, देवाधर्माला आणि लग्नाला शिव्या घालणारा बुकबाइंडर. निळूभाऊ सखाराम, लालन सारंग चंपा. सेन्सॉरनं नाटक अडवलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि नाटक सुटलं. आपल्या प्रेक्षकाला जे ऐकवणार नाही ते बोलायला उभं राहणं सोपं नसतं, आणि तेही आठवड्यामागून आठवडे. पुढे जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये त्यांनी अप्पाजी केले : स्वातंत्र्यलढ्यातला म्हातारा गांधीवादी, ज्याचा मुलगा आज सत्तेत बसला आहे आणि ज्याला मुलाच्या राज्याविरुद्ध उभं राहावं लागतं. हिंदुराव आणि अप्पाजी एकाच माणसाच्या अंगात राहत होते. अप्पाजी त्यांच्या स्वभावाचेच होते, ते कळू शकतं. हिंदुराव त्यांनी कष्टानं मिळवला होता.

मला स्वतःला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस. 1979. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरचा चित्रपट, पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा तेंडुलकर. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री डॉ. लागू, कामगार पुढारी डिकास्टा सतीश दुभाषी. एवढे सगळे बोलणारे नट, आणि त्यांच्यामध्ये निळूभाऊ ऐकणारा पत्रकार. त्यांना बोलायला फार काही नाही. मंत्री बोलतो आणि दिगू बघतो. कधी मान किंचित हलते, कधी तीही नाही. दुसऱ्याचं ऐकणं हा अभिनयातला सगळ्यांत अवघड भाग आहे. नवशिका नट समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत असतो, दिगू खरोखर ऐकत असतो. त्यानं ऐकलेलं सगळं शेवटी एका वेड्या हसण्यातून बाहेर पडतं. आवाज चढवून गाजलेल्या नटांच्या पिढीत या माणसानं गप्प राहून तो चित्रपट पेलला.

हिंदीत ‘कुली’, ‘मशाल’ आले, ‘सारांश’मधला गजानन चित्रे आला. 1991मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. या गोष्टी मी भराभर सांगतो, कारण त्यांनीच त्यांना फार किंमत दिल्याचं दिसत नाही. त्यांना कशाची किंमत होती ते दुसरीकडे दिसतं. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरात चूल पेटावी म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारायचं ठरलं, तेव्हा डॉ. लागू, निळूभाऊ आणि त्यांच्या बरोबरीचे नामवंत कलावंत आचार्य अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ घेऊन महाराष्ट्रभर फिरले. नाटकाचं उत्पन्न निधीला. ‘सामना’त ज्यांनी एकमेकांशी उभा दावा मांडला, ते दोघं एका बसमधून गावोगाव जाऊन कार्यकर्त्यांसाठी पैसा गोळा करत होते. 80 रुपयांतले 10 देणारा तो माळी आयुष्यभर तोच राहिला होता.

आपल्या मराठवाड्याचंही एक नाव इथं घेतलंच पाहिजे. डॉ. लक्ष्मण देशपांडे. इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख, आणि ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं बावन्न माणसं उभी करणारा नट. त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, तुमच्या-माझ्या गावातल्या बोलीला त्यांनी कुठल्याही भाषेपुढे मान खाली घालू दिली नाही. 2009 साली फेब्रुवारीत ते गेले आणि त्याच वर्षी 13 जुलैला पुण्यात निळूभाऊ गेले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा निळूभाऊंच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक. त्यात त्यांच्याबरोबर आपले मकरंद अनासपुरे होते, ज्यांनी पुढे 2015मध्ये नाना पाटेकरांसोबत ‘नाम’ ही संस्था काढून दुष्काळातल्या घरांसाठी काम सुरू केलं.

मुलांनो, तुमच्यातलं कुणी तलाठी होईल, कुणी जिनिंगमध्ये हिशेब लिहील, कुणी शाळेत शिकवेल, कुणी वडिलांची कापसाची शेती बघेल. कितीतरी मुली या मांडवात घरातल्या पहिल्या पदवीधर म्हणून बसल्या आहेत आणि त्यांच्या लग्नाची बोलणी घरात सुरू आहेत, हेही मला माहीत आहे. तुम्हाला तुमचे हिंदुराव भेटणार. कुणी सोसायटीत, कुणी पंचायतीत, कुणी तुमच्याच घरात, मोठ्या काकांच्या रूपात, प्रेमानं जेवू घालणारे. त्यांना नुसत्या शिव्या घालून ते हलत नाहीत आणि त्यांच्यापुढे मान डोलावून तुम्ही उरत नाही. त्यांना नीट बघा. त्यांना कशाची भीती वाटते, कशाचा अभिमान वाटतो, ते कोणत्या वेळी आवाज खाली आणतात, ते बघा. मग काय बोलायचं ते तुमचं तुम्हाला सुचेल.

प्राचार्यांशी बोलून मी एक गोष्ट ठरवून आलो आहे. या पावसाळ्यानंतर फर्दापुरात कलापथक सुरू व्हावं. माजी विद्यार्थी म्हणून तुम्ही ते चालवायचं. ढोलकी आणि तुणतुणं मी देतो. विषय शोधायला लांब जायला नको : कापसाचा भाव आहे, उन्हाळ्यातला टँकर आहे, अठरा पुरी व्हायच्या आत उरकलेलं लग्न आहे. तालुक्याच्या बोलीत लिहा, तांड्यावरची बोली आणि अहिराणीही येऊ द्या. पहिल्या बैठकीत पाटील कोण करणार ते ठरेल. ते काम, ज्याला पाटलाचा सगळ्यांत जास्त राग येतो, त्याला किंवा तिला द्या.